पाटलाच्या पिस्तुलाची माशी

आमच्या पाटलाला मोतीबिंदू म्हातारपणी झाला, ऐट मात्र जन्मापासूनची. दोन्हींवर त्यानं शेवटपर्यंत इलाज केला नाही.

मी तेव्हा ढाणकीच्या बाजारात पाट्या रंगवत असे आणि पोळ्याला बैलांची शिंगं. छप्पन सालच्या दीक्षेला तीन-चार वर्षं होऊन गेली होती. एके दिवशी पाटलाचं बोलावणं आलं. त्याला सगळे मालक म्हणत, म्हणून मीही म्हणे.

"पेंटर, मले माशी रंगवून पायजे."

मी डबा उघडला आणि विचारलं, "भितीवर काढू का दारावर, मालक?"

तो पोट धरून हसला. "अबे, पिस्तुलाची माशी!"

नळीच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा असतो. नेम धरताना तो डोळ्यासमोर यावा लागतो. त्याला माशी म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. पाटलाला ती दिसेनाशी झाली होती आणि दोष सगळा लोखंडाच्या काळ्या रंगाचा होता. दसऱ्याला गावाच्या शिवेवर, सगळ्यांसमोर, त्याला नारळ उडवायचा होता. बाजारातली मोठी नवी पाटी कोणी रंगवायची ते त्याच्या शब्दावर ठरणार होतं. "नारळ फुटला की पाटी तुही," तो म्हणाला. तेवढी मोठी पाटी मला त्याआधी कोणी दिली नव्हती. ती मिळाली असती तर शिंगं रंगवणं सुटलं असतं.

गोळ्या काढून तो पिस्तूल ओट्यावर ठेवी, मग मी उचलायचं. माझ्या हातात देणं त्याला जमत नसे. परत घेताना मात्र रंग ओला असे, ओट्यावर ठेवला तर पुसला जाईल, म्हणून थेट माझ्या हातातून घेई. ओल्या रंगाला विटाळ नसतो, ही अक्कल त्याला बरोबर होती.

आधी पांढरा लावला. पाटलानं एक डोळा मिटून लिंबाच्या झाडावर नेम धरला. "नाही बा." मग लाल. "नाही दिसून राह्यली." मग पिवळा. तोही नाही. उजेडात मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, तर त्यांच्यावर साय धरलेली.

"मालक, एखादा चष्मा..."

"चष्मा मास्तरानं लावावा! पाटलाची नजर घारीची असते."

आपल्याच सालदाराला तलाठी समजून खुर्ची देणारी घार! मला त्या माणसाची किळस आली. चौथ्या दिवशी मी घासलेटच्या चिंधीनं सगळा रंग पुसून काढला, कोरं काळं लोखंड त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "विलायती रंग आहे, मालक. जरा जपून धरा."

त्यानं नेम धरला आणि खूश होऊन ओरडला, "वा रे पठ्ठे! आता कशी काजव्यावानी चमकते!"

मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते पोटभर हसले.

माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून जोहार घालणं बंद केलं होतं. त्याआधी जन्मभर पाटलाच्या ओट्याखाली वाकून जोहार घातला, पण छप्पननंतर कोणापुढे मान खाली नाही. दसरा म्हणजे आमचा दीक्षेचा दिवस. त्या संध्याकाळी पांढरे कपडे घालून ते आपल्या मंडळींबरोबर वंदना आटोपून येत होते, आणि शिवेवर गर्दी पाहून थांबले.

सकाळी पाटलीणबाईनं शस्त्रपूजेत पिस्तुलाला हळदकुंकू वाहिलं होतं, तेही हात सैल सोडून. माशीवर कुंकवाचा लपका बसला होता. तो माझ्याशिवाय कोणाला दिसला नाही, पाटलाला तर नाहीच. त्यानं तीन गोळ्या झाडल्या. नारळ जागचा हलला नाही. गोळ्या कुठे गेल्या ते देवाला ठाऊक.

मागून कोणी तरी विचारलं, "मालक, माशी कुठं शिंकली?"

हशा झाला. पाटील लालबुंद झाला आणि मला शोधू लागला. शोधायला त्याला वेळ लागला, मी चार हातांवर होतो.

"या पेंटरनं माशी वाकडी रंगवली! काहून बे?"

माशीला रंगच नाही, एवढं म्हटलं असतं तरी शिवेवर पाटलाची शोभा झाली असती. वाक्य तोंडात तयार होतं. पण डोळ्यांपुढे ती पाटी आली. मी हात जोडले.

"चुकलं, मालक. माहाच हात हालला."

आता लोक मला हसले. पाटील खूश झाला. पाटी मला मिळाली आणि तिची अक्षरं मी सुतासारखी सरळ काढली. पाटलाला आंधळा म्हणून मी पुढं चार गावांत हसत फिरलो. स्वतःला काय म्हणायचं ते मात्र टाळत आलो.

त्या दिवशी घरी वडील पांढरा सदरा काढून घडी घालत होते. माझ्याकडे न पाहताच त्यांनी विचारलं, "रंग होता काय त्याले?"

"नव्हता."

"मंग हात कायचा हालला?"

त्यांनी घडी पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

"त्यापरीस जोहारच घालायचा होता ना, बाप्पा. मी तं पोटासाठी घालत होतो, पाटीसाठी नाही."