राहिलेला रकाना

"एक रकाना राहिलाय," असं म्हणत बाई कानामागची पेन्सिल काढायच्या. नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या इमारतीत त्या दुसऱ्या मजल्यावर राहत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मला प्रत्येक गोष्टीचा तक्ता करायची सवय आहे, आणि तो तपासून घ्यायला मी बाईंकडेच जायचो.

वॉचमन निवडायचा होता, तेव्हा मी तिघांना अनुभव, वय आणि घराचं अंतर यांवर गुण दिले. बाईंनी शेजारी रकाना आखला आणि पहिल्याच्या नावापुढे लिहिलं, 'याच्याशी बोलताना मी सारखी दाराकडे बघत होते.'

"बाई, याला एकक काय?" मी विचारलं.

"एकक नाही म्हणून नोंदच करायची नाही? चुकलं तर खोडता येईल. लिहिलंच नाही तर खोडणार काय?"

तुम्ही माझ्यासारखे असाल तर हसाल. मीही हसलो होतो.

मग मुलीची बारावी झाली. तिला पुढे शिकायला नागपूरला जायचं होतं. मी तक्ता केला. नाशिक एकेचाळीस, नागपूर सदतीस. विषय मिटला, हे बाईंच्या तोंडून ऐकवायला तिला घेऊन वर गेलो.

बाईंची पेन्सिल एका चौकटीवर थांबली. "सुरक्षिततेत नागपूरला दहापैकी दोन. हे कुठून आणलेत?"

मी माझी टिपणं चाळली; बाकी सगळ्या आकड्यांना आधार सापडला, या दोनाला नाही. माझ्या बाबतीत असं पहिल्यांदाच झालं.

"ही तुमची भीती आहे. असू द्या, बापाला असणारच. पण ती इथे दुसऱ्याच्या नावावर बसलीय. तिला तिचा रकाना द्या."

"तरी मी म्हणत होते, बाबांचं गणित कच्चं आहे," मुलगी म्हणाली.

वसतिगृहाची नीट चौकशी करून मी दोनाचे सात केले. नागपूर बेचाळीस. नव्या रकान्यात मी 'भीती' लिहिलं, मुलीने 'हुरूप'.

"आता विचार करा," बाई म्हणाल्या. आठवडाभर केला. मुलगी नागपूरला गेली, आणि मजेत आहे.

यंदा बाईंनी स्वतःचा तक्ता माझ्याकडे तपासायला दिला. इथेच राहायचं की भाचीकडे सटाण्याला जायचं. इमारतीला लिफ्ट नाही, पायऱ्या अडतीस, गुडघे दुखतात. सटाणा सरळ पुढे होतं. शेवटचा रकाना आखलेला होता, पण कोरा.

"बाई, एक रकाना राहिलाय."

"माहितेय हो," त्या म्हणाल्या. "तो तिथे पोचल्यावर भरते."

निघायच्या दिवशी त्यांची पिशवी घेऊन मी मागे होतो. गुडघ्यांमुळे त्या एरवी उतरताना दोनदा थांबत. त्या दिवशी सात वेळा थांबल्या.