बिननात्याचं धरण

आमच्या सरूच्या हातची मासवडी खायला माणसं वाट वाकडी करून बोरी बुद्रुकला यायची. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळायची ती वडी. माझी दर वेळी फुटते, तिची कधी फुटली नाही. ती माझी धाकटी जाऊ, सोपान भावजींची बायको.

पण या हातानं तिचं वाटोळंच केलं म्हणायचं. कुठंही पाहुणी गेली की, "सरू आली व्हय? मग आज मासवड्याच!" लग्नाला गेली तर आचाऱ्यापाशी, बाळंतीण बघायला गेली तर चुलीपाशी. पाटावर बसून कुणी तिला वाढतंय, असं मी कधी बघितलं नाही. बरं, तोंडावर आठीही नाही. मला वाटायचं, हिला आवडतंच.

दोन हजार तीन साली तिच्या आदेशला चाकणच्या कंपनीत कायम केलं. तो म्हणाला, "आई, तुला काय घेऊ?"

"घिऊ नको काय. दोन दिस धरणाच्या काठी बसायचंय. नुसतं पाणी बघायचं, चूल बघायची न्हाई."

भावजी हसले. "येडी का काय? आपल्या कालव्याला पाणी नाय व्हय?"

"कालव्यावर माझं धुणं आसतं," सरू म्हणाली.

झालं. ओट्यावर बैठक बसली, राहायचं कुठल्या गावात? आदेश म्हणाला, "येडगावला राहू. जवळ हाय."

"तिथं माझी बहीण."

"मग जुन्नरला राहू. माणिकडोहचं पाणी बघू."

"तिथं नणंद."

"घोडेगावला उतरू, डिंभ्याला जाऊ."

यावर भावजीच उडाले. "लेकीच्या सासरच्या गावात लॉजवर उतरायचं? व्याही पायरी चढू द्यायचा न्हाई मला!"

मला हसू आवरेना. म्हटलं, "सरू, तुझ्यासाठी बिननात्याचं धरण बांधायला पायजे."

"बांधा की, बाई. पर त्याच्या मजुरांच्या भाकरी मला थापायला लावू नका."

शेवटी आदेशनं मढ काढलं. पिंपळगाव जोग्याच्या धरणाकडचं गाव. तिथं एक बाई दोन खोल्या देते, जेवण करून घालते, असं त्याला कंपनीतल्या मित्रानं सांगितलेलं. भावजींनी सगळे पाहुणेरावळे आठवून बघितले. मढला कुणीच निघेना.

"मग तिथंच," सरू म्हणाली.

दिवाळी उरकून जीप करून निघालो. मला न्यायचं काही कारण नव्हतं, पण सरू म्हणाली, जाऊबाई येत नसतील तर मीही येत नाही. पोचल्यावर तिनं खुर्ची उचलली, पाण्याकडं तोंड करून ठेवली अन् बसली ती बसलीच. जेवायच्या वेळी घरमालकीण विचारायला आली, "ताई, कालवण आणखी वाढू?" सरूनं ताट पुढं केलं अन् म्हणाली, "वाढ." एवढा एक शब्द, पण म्हणताना तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

भावजींना मात्र गप्प बसवत नाही. नव्या माणसाचं मूळ गाव विचारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. दुपारी विचारलंच, "पोरी, माहेर कुठलं तुझं?"

"लोणी. चांगदेवाची मी, इंद्रायणी."

भावजींनी मांडीवर थाप मारली. "आगं, मग ही तुझी सख्खी चुलतआत्या! लोणीचीच!"

उभ्या पिकात शिरलेल्या बैलाकडं बघावं तसं सरूनं नवऱ्याकडं बघितलं. इंद्रायणी धावत येऊन पाया पडली. "मासवडीवाली सरूआत्या? घरात लई नाव निघायचं तुमचं! आत्या, सांजच्याला कल्याणची माणसं जेवायला यायचीत, मासवडीच सांगितलीय त्यांनी. माझी मेली फुटती. आता तुमीच हायेत म्हणल्यावर..."

आदेशनं मान खाली घातली. सरू उठली, पदर खोचला. मी मनात म्हटलं, संपली हिची सुट्टी.

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली अन् तिथंच बसली. पाठ चुलीकडं, पाय बाहेर.

"इंदे, मी तुझी आत्या ना?"

"व्हय की."

"आईबाप गेलं. भाऊ ठाण्याला ऱ्हातो, लोणीच्या घराला कुलूप. माझं माहेरपण करायला कुणी उरलं न्हाई बघ. आज भाची गावली. मंजी मी माहेराला आले. आन् माहेरवाशिणीला कुणी चुलीपाशी बसवतं का?"

इंद्रायणीनं पिठाच्या हातानंच परात बाजूला सारली. मग हसली, अन् हसता हसता डोळ्याला मनगट लावलं. "न्हाई बसवत, आत्या. चुकलं माझं."

"काय चुकलं न्हाई. कल्याणवाल्यांना फुटलेली खाऊ दे. फुटली म्हणून चव जाती व्हय?"

भांडण नाही, रुसवा नाही. नात्याच्या नावानं जन्मभर तिला राबवलं, त्याच नात्याला तिनं कामाला लावलं. मी असते तर मुकाट्यानं पीठ भिजवलं असतं, अन् वर वड्याही फोडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी इंद्रायणीनं तिला न्हाऊ घातलं, केसांना तेल लावून वेणी घालून दिली. पुढच्या सकाळी जीप आली. भावजी म्हणाले, "चल, गाया वाट बघत असतील."

सरू खुर्चीतून हलली नाही. "आवं, माहेरी आलेल्या बाईला लगीच न्हेत्यात व्हय? आठवड्यानं या. आन् रीतीनं या, पेढं घिऊन."

"आन् माझ्या जेवणाचं?"

सरूनं माझ्याकडं बघितलं. भावजींनीही बघितलं. मी खुर्ची ओढली, तिच्याशेजारी लावली अन् पाण्याकडं तोंड करून बसले.