मोडेमची दुसरी वायर

ती केस आठवली की निवृत्तीनंतर आजही माझी छाती फुगते.

इंटरनेटची लाइन तेव्हा नुकतीच घरोघरी पोचत होती आणि मी नवी मुंबईतल्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. एक तरुणी वडिलांसोबत तक्रार घेऊन आली. कोणीतरी तिच्या होणाऱ्या सासरी तिच्याबद्दल घाणेरडे ईमेल पाठवत होतं. लग्न मोडायच्या बेतात होतं. गुन्हा नोंदवला, इंटरनेट कंपनीला पत्र दिलं. ईमेल ज्या लाइनवरून गेले तिचा पत्ता आला आमच्याच हद्दीतल्या शिरवणे गावाचा, तिथल्याच एका घरमालकाच्या तीन मजली इमारतीचा.

घरात कॉम्प्युटर चालवणारी एकटी मालकाची मुलगी. ती फिर्यादीची कॉलेजातली मैत्रीण, आणि अलीकडे दोघींचं कडाक्याचं भांडण झालेलं. त्यात आमच्या खबऱ्याने कळवलं, "साहेब, ही पोरगी तिचं वाटोळं करीन म्हणत होती." सगळं कसं चपखल बसलं. माझे सहकारी तर आरोपपत्राच्या गोष्टी करू लागले. पण मुलगी पोलीस भरतीत पास झाली होती, फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती. गुन्ह्यात नाव आलं की वर्दी गेलीच.

महिला हवालदाराला सोबत घेऊन मी तिची घरीच चौकशी केली.

"भांडले, सर. शिव्यापण दिल्या. पण तोंडावर दिल्या. असं मागून नाय करणार मी."

खोटं बोलणारा माणूस आधी भांडणच नाकारतो, हा माझा अनुभव. ही आपणहून सांगत होती. बाप मात्र सारखा घाम पुसत होता.

"लाइन आणखी कोण वापरतं?" मी विचारलं.

"कोनी नाय, सायेब. यकच कंपूटर हाय."

पंचनामा करून सीपीयू जप्त केला.

दुसऱ्याच दिवशी फिर्यादीचा फोन आला. सकाळी नवा ईमेल आला होता. कंपनीकडे खातरजमा केली, लाइन तीच. आणि कॉम्प्युटर तर आमच्या मुद्देमाल खोलीत सील होऊन पडलेला! मी टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला. तसाच गाडीत बसलो.

घरात मोडेम लुकलुकत होता. मागून कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या दोन वायरी निघालेल्या. एक मुलीच्या रिकाम्या टेबलाकडे गेलेली. दुसरी खिडकीतून बाहेर, पाण्याच्या पाइपाला बांधून वर चढवलेली. मी बापाकडे पाहिलं. त्याने वर बोट दाखवलं.

"वरच्या भाडोत्र्याला दिलीय, सायेब. पानी देतो, लाईट देतो, तशी वायर पन दिली."

"मग काल बोलला का नाहीत?"

"त्याचा नाव ठान्यात दिला नवता. तुमी केस कराल म्हनून भ्यालो. दोन्ही वायरींचा पत्ता यकच लागतो, ह्ये मला काय म्हाईत?"

भाडेकरूची माहिती दिली नाही एवढ्या किरकोळ चुकीपायी हा गृहस्थ पोटच्या पोरीला गुन्ह्यात अडकू देत होता!

"बाबा, मला ती केबल टीव्हीची वायर म्हणालात! माझी वर्दी जात होती!" ती ओरडली.

भाडेकरू वरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोरच बसलेला सापडला. फिर्यादी या घरी मैत्रिणीकडे यायची, तेव्हापासून तो तिच्या मागे होता आणि तिने त्याला ठणकावून नकार दिला होता. दोघींचं भांडण त्याने जिन्यावरून ऐकलं होतं. संशय कोणावर जाईल हे त्याला पक्कं माहीत होतं.

"लाइन मालकाची आहे, साहेब," तो बेफिकिरीने म्हणाला.

"आणि मालकाचा कॉम्प्युटर कालपासून माझ्या ठाण्यात आहे," मी म्हणालो. "आज सकाळचा ईमेल मग कोणी पाठवला?"

जप्तीची त्याला खबरच नव्हती. त्याच्या मशीनमध्ये सगळे ईमेल मिळाले.

त्या केसने मला एक गोष्ट शिकवली. माणूस आपली बारीकशी चूक झाकायला जातो आणि त्या नादात घर पेटवून घेतो. त्यामुळे चौकशीत कोणी घाम पुसताना दिसला की त्याच्याकडे दुर्लक्ष करायची चूक मी पुन्हा कधी केली नाही. त्याला कशाची भीती वाटतेय, हे आधी विचारत गेलो.

फिर्यादीचं लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. पुढे त्या मुलीच्या पडताळणीचे कागद माझ्याच टेबलावर आले. मी सही ठोकली आणि तिला म्हटलं, "जा, वर्दी शिवायला टाक." तिने तिथेच, साध्या सलवार-कमीजमध्ये, खाडकन सॅल्यूट ठोकला. सगळं ठाणं टाळ्या वाजवत उभं राहिलं.