मालकिणीच्या कुरडया

रायपूर राजधानी झालं तेव्हा आम्हाला वाटलं, आता रस्ते रुंद होतील. झालेही. पण त्याआधी गच्चीवर काजळी आली. गावाबाहेर लोखंडाच्या भट्ट्या वाढल्या आणि आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पांढऱ्याशुभ्र म्हणून नावाजलेल्या आईच्या कुरडया वाळेपर्यंत राखाडी दिसू लागल्या. अमरावतीहून लग्न होऊन आलेल्या बाईचा याहून मोठा अपमान नसावा. दर उन्हाळ्यात ती गच्चीवर उभी राहून दूरच्या धुराड्यांना बोल लावायची. ऐकणारं कोणी नव्हतं, आणि तिला खरा राग त्याचाच यायचा.

मग त्यातल्याच एका कारखान्याने शेअर बाजारात उतरायचं ठरवलं. बाबा सरकारी नोकरीत. त्यांच्या ऑफिसात दुसरा विषयच उरला नाही. सदर बाजारातल्या दलालाकडून त्यांनी आम्हा तिघांसाठी अर्ज आणले. सही करण्याआधी आईने विचारलं, "मले सांगा तर, हे काय होऊन राहिलं?"

"कंपनी आपले हिस्से लोकाइले विकून राहिली. त्या पैशानं नवी भट्टी लावतील. कमाई झाली तं आपल्यालेही थोडी भेटते. बुडाली तं आपलेही पैसे बुडाले."

"म्हणजे मी मालकीण?"

"हव. पण लयच लहान," बाबा हसले.

अर्ज इतके आले की चिठ्ठ्या टाकल्यासारखे शेअर वाटले गेले. बाबांना भोपळा, मलाही भोपळा. लागले ते एकट्या आईला. बाजारात पहिल्याच दिवशी भाव घसरला आणि बाबांचं तोंड उतरलं. आईचं मात्र काहीच बिघडलं नाही. मालकीण ती झालीच होती.

पावसाळा सरता सरता वार्षिक सभेचं बोलावणं आलं, आईच्या नावाने. लोक अशी बोलावणी रद्दीत टाकतात. आईने ठेवणीतली साडी काढली, उन्हाळ्यातल्या राखाडी कुरडया डब्यात भरल्या आणि मला घेऊन शंकर नगरातल्या हॉटेलात पोचली. दारावरच्या माणसाने तिला आत सोडलं, मला अडवलं. माझ्या नावावर शेअर नव्हते. खरं सांगते, मला बरंच वाटलं. त्या डब्यासोबत आत जायची मला लाज वाटत होती.

माइकमुळे बाहेर सगळं ऐकू येत होतं. नफ्याचे आकडे वाचून झाले, टाळ्या झाल्या, आणि मग आईचा आवाज आला, तिच्या त्या खास हिंदीत. "साहब, ये कुरडई है. सफेद रहती है. हमारी छत पे काली हो गई. आप खाके देखो."

हशा पिकला. अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "माताजी, कारखाना आपका भी तो है."

"इसीलिए तो आई."

यावर कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी धूळ पकडणाऱ्या यंत्राबद्दल काहीतरी सांगितलं आणि शेजारच्या साहेबाला ते लिहून घ्यायला लावलं. आई बाहेर आली ती रिकामा डबा घेऊन. "ठेवून घेतल्या त्याइनं," ती म्हणाली. घरी जाताना रिक्षात मी तिच्याकडे सारखी बघत होते. माझी लाज कुठच्या कुठे गेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात काजळी जरा कमी पडली. बाबांच्या मते वारा फिरला होता. आईने ते कानाआड केलं. त्याच सुमारास शेअरचा भाव चांगलाच वर गेला आणि बाबा सहीचा कागद घेऊन गच्चीवर आले.

"आता विकून टाकू. असा भाव पुन्हा भेटत नाही."

आई कुरडया उलटवत होती. "विकल्यावर मले सभेत बसू देतील का?"

"नाही. काहून बसू देतील?"

"मग राहू द्या."

बाबा कागद घेऊन खाली गेले. आईने त्यातल्या त्यात राखाडी निघालेल्या कुरडया वेचल्या आणि सभेच्या डब्यात टाकल्या.