ओव्हिलाचा जनरेटर

पडताच गोठणारा पाऊस पाच दिवस पडत राहिला आणि क्वेबेकमधल्या आमच्या भागातले विजेचे खांब बर्फाच्या ओझ्याने एकेक करून आडवे झाले. पुढे तेवीस दिवस वीज नाही. माणसं लाकडाच्या शेगडीपाशी कशीही दिवस काढतात, पण पन्नास-पन्नास गायींची धार हाताने कोण काढणार?

जनरेटर होता एकट्या ओव्हिला तेत्रोकडे. त्याने तो ट्रॅक्टरला जोडला आणि आमच्या सहा गोठ्यांच्या पाळ्या लावल्या. स्वतःचा गोठा शेवटी. आमची धार काढायची यंत्रं चालू असेपर्यंत तो तिथेच गवतावर टेकून डुलकी काढायचा.

आठव्या दिवशी मी त्याला म्हणालो, "अजून तासभर थांब, निम्म्या गायी राहिल्यात."

"बरं," म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला.

गायींची धार कधीच काढून झाली होती. घरात त्याच विजेवर टीव्हीवर हॉकीची मॅच चालू होती.

बाकीच्यांनीही असेच तास चोरले असणार. वीज आली तोवर धार वेळेवर न निघाल्याने ओव्हिलाच्या गायींच्या कासा सुजून दगड झाल्या होत्या. मार्चमध्ये खाटकाचा ट्रक आला. मी ओव्हिलावरच डाफरलो, "अरे गाढवा, आधी स्वतःच्या गायी बघायच्या होत्यास ना!"

"तुम्ही सगळे रोज विचारायचात, आमची पाळी कधी," शेवटच्या गाईला ट्रकमध्ये ढकलत तो म्हणाला. "या नुसत्या हंबरायच्या."

मग फळी लावून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मॅच कोण जिंकलं रे शेवटी?"