मेंढरं घेऊन कळमनुरीला

दिवस उगवताना आम्ही वाडीतून निघालो. दोन टेम्पो होते, एकात बायका आणि दुसऱ्यात मेंढरं. मेंढरं चाळीस होती. त्यातली अर्धी आमच्या घरची, आणि ती माझ्याच हाकेने चालतात, म्हणून चढवायचं काम माझ्याकडे आलं. ती चढवून होईपर्यंत बायकांच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागा कमलने घेतली होती. कमल म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती औंढ्याकडची, बारावी शिकलेली. मी चौथी. पुढे वारं लागत नाही आणि रस्ता दिसतो. मी मागे डिझेलच्या वासात बसले.

कशासाठी निघालो ते आधी लिहिते. आमच्या मेंढपाळ सोसायटीचे चेअरमन तात्या बावीस वर्षं त्या खुर्चीवर आहेत. सोसायटीत मेंढरांची लस येते, ती तात्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये राहते, आणि कुणाला कधी द्यायची हे तेच ठरवतात. मागच्या पावसाळ्यात मेंढरांना देवी आल्या. तात्यांच्या मर्जीतून उतरलेल्या घरांना लस उशिरा मिळाली. आमच्या अकरा मेंढ्या गेल्या. तेव्हापासून कमलने अर्ज केले, बायका जमवल्या, तात्यांच्या दारात दोनदा धरणं धरलं. 'तात्या, खुर्ची सोडा' ही घोषणा तिचीच. आज कळमनुरीला निबंधकांच्या कचेरीत (हे ऑफिस सगळ्या सोसायट्यांवर देखरेख करतं) तात्यांवर अविश्वासाची बैठक होती. अकरा संचालकांपैकी आठ हात वर झाले तर तात्या जाणार. तात्या आणि त्यांचे दोन भाचे सोडले तर सात पक्के होते. आठवा माझा.

मी संचालक कशी, असं कुणालाही वाटेल. सोसायटीत बायकांच्या दोन जागा असतात. तात्यांनी दोन्ही आमच्याच घरात दिल्या, म्हणजे एका घराला सांगितलं की दोन हात मिळतात. मी बोलत नाही म्हणून मला घेतलं. कमल तेव्हा नवी नवरी होती, तीही बोलत नसे.

माझा हात सगळ्यांनी मोजूनच ठेवला होता. मला मात्र कुणी विचारलं नाही. परवा कमल अंगणात बोटांवर मोजत होती. सात नावं घेतली आणि आठव्या बोटाला म्हणाली, "आन् आमची अक्का हायेच." मी तिथेच भाकरी थापत होते.

दुसरंही एक आहे. मागच्या महिन्यात पेपरात तिचा फोटो आला, खांद्यावर कोकरू घेतलेला. ते कोकरू माझं. त्याची आई देवीत गेली, मी त्याला बाटलीने पाजून वाढवलं. फोटोवाला आला तेव्हा मी दाराआड झाले आणि कमलने ते उचललं. माझ्या नवऱ्याने तो फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. लुगडं काढायला कपाट उघडलं की ती दिसते.

वारंगा फाट्यावर टेम्पो थांबले. नांदेडकडून येणारे ट्रक एकामागून एक जात होते आणि मेंढरं प्रत्येक हॉर्नला दचकत होती. हॉटेलवाल्याने कमलला ओळखलं. पेपरातल्या ताई तुम्हीच का, असं विचारून त्याने तिला खुर्ची दिली, पहिला चहा दिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आन् ह्या कोन?" कमल म्हणाली, "माझ्या मोठ्या जाऊबाई." तिने माझं नाव सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. गावात तर मी कधीचीच कमलची जाऊ झाले आहे. तिच्याआधी अकरा वर्षं त्या घरात आले, तरी.

चहात आलं चांगलं ठेचलं होतं. वाईट असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

फाट्यापासून बाळापूरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद होती. पानं पिवळी पडायला लागली होती. मध्येच तुरीचा पट्टा यायचा, फुलांनी भरलेला, आणि पलीकडे कापूस वेचणाऱ्या बायका कमरेत वाकलेल्या. टेम्पोतल्या बायकांनी घोषणा दिल्या की त्या सरळ उभ्या राहून बघायच्या. एकीने हात हलवला. मीही हलवला, पण तोवर टेम्पो पुढे गेला होता.

कळमनुरीच्या अलीकडे आम्ही उतरलो. तिथून मेंढरं चालवत गावातून न्यायची असं ठरलं होतं. बाजाराचा दिवस होता. भाजीच्या पाट्या, चपलांचे ढीग, गर्दी. मी कळपाच्या पुढे हाक देत चालले, बायका मागून घोषणा देत आल्या. एका म्हाताऱ्या खाटकाने माझ्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवून दाबून बघितलं आणि म्हणाला, "अम्मा, देते क्या?" मी मेंढीला पुढे ढकललं. तो आमच्याबरोबर चालायलाच लागला. मागून कमल म्हणाली, "चाचा, ये बेचनेवाले न्हाई, मोर्चेवाले हैं." तो म्हणाला, "मोर्चे के बाद तो बेचेंगे ना?" आजूबाजूचे सगळे हसले, बायकाही हसल्या. मेंढी माझी, हाक माझी, आणि तेवढं एक वाक्य मला बोलता आलं नाही.

कचेरीच्या आवारात शेवंतीच्या कुंड्या मांडलेल्या होत्या. शिपाई धावत येईपर्यंत मेंढरांनी दोन कुंड्या साफ केल्या. तो आमच्यावर ओरडत होता आणि एक मेंढा त्याच्या लोंबणाऱ्या रुमालाकडे बघत होता. मी कळप लिंबाखाली नेऊन बसवला. बायका पायरीसमोर बसल्या. माइक घेतलेला एक पोरगा कमलसमोर वाकून उभा राहिला.

मी आत गेले. व्हरांड्यात बाकावर तात्या एकटेच बसले होते. धोतर पांढरं स्वच्छ, पण माणूस वाळला होता. बाहेरून 'तात्या, खुर्ची सोडा' ऐकू येत होतं. मला बघून ते म्हणाले, "गयाबाई, काही खाल्लंस का?"

कितीतरी दिवसांनी कुणी मला नावाने हाक मारली होती. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी बाकावर सरकून जागा केली, पण मी बसले नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "मी गेलो की कमल बसल. घरात बी तीच, सोसायटीत बी तीच. तू कुठं बसशील ते बघ." एवढंच बोलून ते आत गेले.

बैठक लहान खोलीत होती. साहेबांनी ठराव वाचला आणि बाजूने असलेल्यांनी हात वर करा म्हणाले. हात वर गेले. साहेब पेन्सिलीने मोजत गेले. सात. कमलचा हात सगळ्यांत उंच होता. माझा मांडीवर होता. तो उचलत नव्हता असं नाही, मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता. कमल आधी समोरच्यांना मोजत होती. मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले.

साहेब म्हणाले, ठराव फेटाळला. इतक्यात पुन्हा आणता येणार नाही.

बाहेर बायका उठून उभ्या राहिल्या. कमलने सात पडले असं सांगितलं. कोण फिरलं म्हणून सगळ्या एकदम विचारायला लागल्या. मी लिंबाच्या खोडाशी उभी होते. मला वाटलं, आता नाव घेते. तिने आधी बैठकीतल्या बाकीच्या सहा जणांना डोळ्यांनीच दटावलं. ती म्हणाली, "कोन ते इचारू नका. तात्या राजीनामा देईपर्यंत आपुन उठनार न्हाई." आणि ती खाली बसली. तिच्याबरोबर सगळ्या बसल्या.

तिने माझं नाव सांगितलं असतं तर मला तिचा राग धरता आला असता. तेवढंही तिने मला ठेवलं नाही.

दुपारी भाकरी सोडल्या. शेंगदाण्याचा ठेचा, कांदा, कुणाकडे वांग्याची सुकी भाजी. एका बाईने माझ्याही हातात अर्धी भाकरी दिली. तिच्या नऊ मेंढ्या गेल्या होत्या. ती म्हणत होती, आठवा कोण ते कळू दे, त्याच्या दारात मेलेलं कोकरू टाकून येते. मी भाकरी पदराला बांधली. पाणी प्यायला म्हणून मी आत गेले.

तात्या खिडकीशी उभे होते. मला बघून जवळ आले आणि म्हणाले, "गयाबाई, माझी लाज राखलीस तू."

मी म्हणाले, "तुमच्यासाठी न्हाई राखली, तात्या."

"मग?"

"मला कमलचं बघवत न्हाई. म्हणून हात खाली ठेवला. तुमच्यासाठी न्हाई."

ते आधी हसले. मग हसायचे थांबले. खिडकीतून बाहेर त्यांची सख्खी भावजय बसलेली दिसत होती, आणि दिवाळीला त्यांच्या पाया पडायला येणाऱ्या कितीतरी. ते म्हणाले, "म्हंजे भाचे सोडले तर एक बी न्हाई का माझ्याकडून?"

"एक बी न्हाई," मी म्हणाले. "आमच्या अकरा गेल्या, तात्या. तुमच्या फ्रिजात लस होती. आता सोडा."

माझ्या आयुष्यात मी कोणत्याही पुरुषमाणसाला एवढं बोलले नव्हते. ते बाकावर बसले. बराच वेळ त्यांनी काठीची मूठ नुसती फिरवली. मग शिपायाला हाक मारून कागद मागितला.

उन्हं कलताना साहेबांनी पायरीवर येऊन राजीनामा वाचून दाखवला. बायकांनी कमलला गुलाल लावला, ती नको नको म्हणत होती, पण कपाळ पुढे करत होती. घोषणांमुळे तात्या हलले असं सगळ्या म्हणाल्या. ते खोटं नव्हतं. बाहेर त्या बसल्या नसत्या तर तात्यांना खिडकीतून काय दिसलं असतं?

परतताना मी मेंढरांच्या टेम्पोत बसले. कमल पुढची जागा सोडून माझ्यापाशी आली. दोघींच्या मध्ये एक मेंढी अडकली होती. गाव मागे पडल्यावर तिने विचारलं, "काहून, अक्का?"

"तू मला इचारलं न्हाईस."

बाळापूर येईपर्यंत ती मेंढीच्या लोकरीतली कुसळं काढत होती. मग म्हणाली, "तू आत तात्याशी बोलत व्हतीस ते खिडकीतून दिसलं मला." मी मेंढीचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं. ती म्हणाली, "आता इचारते. फुडच्या म्हैन्यात चेअरमनसाठी माझं नाव येऊन राहिलं. हात वर करशील?"

मी म्हणाले, "बघू."

वाडीत आलो तेव्हा घरी राहिलेल्या बायका कमलभोवती जमल्या आणि तिने सगळा प्रवास सांगितला. खाटकाचं सांगितलं, कुंड्यांचं सांगितलं. छान सांगितलं. माझ्या हाताचं तेवढं सांगितलं नाही. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी वहीत लिहिते आहे.

आज सहावा दिवस. कमल रोज सकाळी वाघुरीपाशी (मेंढरांभोवती लावायची जाळी) येते, जाळी सोडायला हात लावते, जे तिने आजवर कधी केलं नव्हतं, आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते. माझं उत्तर तयार आहे, हात वर करणार आहे. तिच्याइतकी लायक दुसरी कोणी नाही, हे मला कळतं, आणि कळतं म्हणूनच जळतं. पण ती अशी थांबून राहते तेवढा वेळ मला फार बरं वाटतं. तात्यांना बावीस वर्षं खुर्ची का सोडवली नाही, ते मला आता थोडं समजतं. उद्या सांगून टाकायचं, असं मी कालही ठरवलं होतं.