आपल्यातली डॉक्टर

आमच्या बेळगावकडच्या घरांत लग्नाच्या मुलीचा आजार लोणच्याच्या बरणीसारखा झाकून ठेवतात. गेल्या वर्षी माझ्या पायात रक्ताची गुठळी झाली, ती फुप्फुसात गेली आणि मी मरता मरता वाचले. आईने नातेवाइकांना कळवलं, "हिला स्वल्प ताप आलाय." तेव्हापासून मी रोज रक्त पातळ करायची गोळी घेते. गोळ्यांचं पाकीट तूरडाळीच्या डब्यामागे दडवलेलं असे.

मग पुण्याचं एक स्थळ आलं. मुलगा मात्र बेळगाव सोडून आम्ही आलो त्याच शहरात, हेब्बाळला आयटीत; पुढच्या महिन्यात बघायला येणार होता. माझ्या गालांवरच्या मुरमांच्या खड्ड्यांवर आईने लेसर ठरवला. आमच्या मारतहळ्ळी भागात गल्लोगल्ली त्वचेची क्लिनिकं आहेत, पण आईला 'आपल्यातली'च डॉक्टर हवी होती. मराठी मंडळातून ती मिळालीही. रिक्षात बसल्यावर मात्र आईच्या डोक्यात प्रकाश पडला: आपल्यातली म्हणजे बातमी थेट मंडळात!

"गोळीचं काही बोलायचं नाही हं," ती म्हणाली. मग तिला त्याहून दिव्य युक्ती सुचली. "नाहीतर आजपासून गोळी बंदच कर ना, मुलगा बघून जाईपर्यंत. म्हणजे खोटं बोलल्यासारखंही व्हायचं नाही."

आपण कधी खोटं बोलत नाही, याचा माझ्या आईला फार अभिमान आहे.

"काही औषधं चालू आहेत?" डॉक्टरने विचारलं.

"छे! हिला साधी सर्दीसुद्धा होत नाही."

माझं डोकंच फिरलं. मी सगळं सांगून टाकलं, गुठळीपासून डाळीच्या डब्यापर्यंत. डॉक्टरने हातातला चष्मा खाली ठेवला.

"या लेसरने वरची कातडी सोलली जाते. गोळीमुळे रक्त लवकर थांबणार नाही, चेहरा काळानिळा होईल. तुझ्या डॉक्टरांशी बोलून मग ठरवू. आणि गोळी मनाने बंद करायची नाही. पुन्हा गुठळी झाली तर वाचशीलच असं नाही."

परतताना आई फणफणली, "झालं! आता कोण करणार तुझ्याशी लग्न?"

"मी असले तर बघू," मी म्हणाले.

पाहुणे आले. मी खड्ड्यांसकट समोर बसले. पोहे चालू असतानाच आई आतून पेला आणि गोळी घेऊन आली.

"आधी ही घे."

"कसली गोळी?" मुलाच्या आईने विचारलं. आता आई पुन्हा तोच 'स्वल्प ताप' सांगणार, असं मी धरूनच चालले होते.

"रक्त पातळ करायची," आई म्हणाली. "गेल्या वर्षी ही माझ्या डोळ्यांदेखत जात होती हो."

आणि ती तिथेच, पाहुण्यांसमोर, रडायला लागली. पाहुणे पोहे तसेच टाकून निघाले. मी गोळी घेतली.